दादाचा डबा

आधी एक गैरसमज दूर करते. मी पेटी आहे हे खरं, पण गाण्याची नव्हे. माझ्यासमोर मांडी घालून कुणी सूर लावायला बसलं तर त्याची चांगलीच पंचाईत होईल. मी प्रयोगशाळेतली पेटी. जाड, पारदर्शक प्लास्टिकच्या भिंती, खाली पोलादी तळ, समोरच्या भिंतीला दोन गोल भोकं आणि त्या भोकांतून आत लोंबणारे दोन लांबलचक काळे रबरी हातमोजे. काम करणाऱ्यानं बाहेर बसायचं, मोज्यांत खांद्यापर्यंत हात घालायचे आणि आतल्या वस्तू हाताळायच्या. माणूस बाहेर, त्याचे हात तेवढे माझ्याकडे.

एवढा खटाटोप कशासाठी? तर माझ्या पोटात प्राणवायू नाही. तुम्ही ज्याच्यावाचून कासावीस व्हाल, त्याला माझ्याकडे दारातच अडवतात. कारण माझ्याकडे राहायला येणारे पाहुणे विचित्र आहेत. ते माणसाच्या आतड्यात राहणारे सूक्ष्मजंतू. जन्मभर अंधारात आणि उबेत राहिलेले. उघडी हवा लागली की त्यातले कितीतरी बिचारे जागच्या जागी मरतात. त्यांना जिवंत ठेवून नीट बघायचं असेल, तर माझ्याशिवाय गत्यंतर नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. माझं काम सांगतेय.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचे पत्रे तापवून, वाकवून, चिकटवून मला आकार दिला. शेवटी एका कारागिरानं माझ्या सांध्यांना साबणाचं पाणी फासलं आणि मला आतून फुगवून, कुठे बुडबुडा येतो का, ते डोळ्यांत तेल घालून पाहिलं. एकही आला नाही. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या पेटीकडे वळला. कौतुक म्हणून माझ्या वाट्याला आलं ते एवढंच, पण ते पुष्कळ दिवस पुरलं.

माझे पहिले मालक एक प्राध्यापक होते. ते तळ्यातल्या चिखलातले जंतू अभ्यासायचे. माणूस शांत, चिखल त्याहून शांत. आमचं बरं चाललं होतं. पण ते निवृत्त झाले आणि चिखलाचा वारसा सांगायला कुणी पुढे आलं नाही. मला जिन्याखाली सरकवलं गेलं. मग माझी अडगळ झाली. माझ्या आत छत्र्या आल्या, रिकामी खोकी आली, कुणाच्या तरी मुलीनं शाळेसाठी केलेला पुठ्ठ्याचा ज्वालामुखी आला. मोज्यांना भेगा पडल्या. येणारे-जाणारे माझ्याकडे बघायचेही नाहीत. जी वस्तू वापरात नाही ती माणसांना दिसतच नाही, हे मला तिथे कळलं.

आणि मग एक दिवस ती आली.

नुकतीच नोकरीला लागलेली. बुटकी, चष्मा सारखा नाकावर ढकलणारी. तिला खोली मिळाली होती, काम ठरलं होतं, पण नवी पेटी घ्यायला संस्था तयार नव्हती. स्टोअरकीपर तिला घेऊन जिन्याखाली आला.

"ही चालते का हो?" तिनं विचारलं.

"चालेल कशी, तिला पाय कुठेत?" तो म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर पोटभर हसला.

तिनं मात्र बाह्या वर केल्या आणि ज्वालामुखी बाहेर काढला. मग मला वर आपल्या खोलीत नेऊन घासलं, पुसलं, नवे मोजे बसवले. साबणाचं पाणी लावून एक-एक फट शोधली, बुजवली. सिलिंडर जोडले. शेवटी मोज्यांत हात घातले, बोटं हलवून पाहिली आणि म्हणाली, "हं. आता बोल."

मी काय बोलणार? पण त्या दिवसापासून मी तिला तिच्या हातांवरून ओळखायला लागले. आनंदात असली की बोटांनी माझ्या तळावर ठेका धरायची. चिडलेली असली की झाकणं आपटायची. आणि खरंच काळजीत असली की हात मोज्यांत नुसते ठेवून बसायची, काहीच न करता.

तिचं काम काय, ते मला एका संभाषणावरून कळलं. जवळच्या कॅन्सर रुग्णालयातले एक डॉक्टर तिच्याकडे यायचे. सदा घाईत, खुर्चीच्या टोकावर बसणारे. ते म्हणाले, "मॅडम, आमचं हे नवं औषध कॅन्सरला थेट मारत नाही. शरीरात आपले शिपाई असतात. कॅन्सर त्यांना गुंगी आणतो. औषध ती गुंगी उतरवतं आणि मग शिपाई गाठीवर तुटून पडतात. पण गंमत बघा. दोन माणसं, एकच आजार, एकच औषध. एकाची गाठ विरघळून जाते, दुसऱ्यावर ढिम्म परिणाम नाही. का?"

"त्या शिपायांची निम्मी तालीम आतड्यात होते, डॉक्टर," ती म्हणाली. "तिथे राहणारे जंतू त्यांचे वस्ताद. दोघांच्या आतड्यांत कोण कोण राहतं, ते बघू या."

आता आतड्यात कोण राहतं हे कशावरून बघायचं? तुमच्या लक्षात आलंच असेल. डॉक्टरांकडून घट्ट झाकणाचे डबे यायला लागले. डबे बघून आमच्या मजल्यावरच्या माणसांनी वाट बदलली. कुणी नाक मुरडायचं, कुणी "आलं वाटतं पार्सल!" म्हणायचं. मला नवल वाटायचं. स्वतःच्याच पोटातून आलेल्या गोष्टीशी माणूस किती अनोळख्यासारखा वागतो! तिला मात्र त्याचं काही नव्हतं. ती डबे अशी धरायची जसं कुणी दूध उतू जाऊ नये म्हणून पातेलं धरावं.

तर अशा डब्यांतला एक होता बेकरी चालवणाऱ्या एका बाईंचा. त्यांच्या फुप्फुसातली गाठ त्या औषधानं अशी काही गेली होती की डॉक्टरांनी फोटो दोनदा काढून पाहिले. त्यांच्या डब्यातले जंतू तिनं माझ्या आत प्लेटवर पेरले. चपट्या, झाकणाच्या बशा असतात त्या. त्यांत जंतूंचं खाणं थापलेलं असतं. नेहमीचे जंतू भराभर वाढले. ती ते मोजून, उचलून प्लेट टाकून देणार होती. पण कामाच्या गर्दीत ती एका कोपऱ्यात राहून गेली. पुष्कळ दिवसांनी तिचं लक्ष गेलं, तर एका कडेला टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके. कुणीतरी सावकाश, कुणालाही न विचारता उगवून आलं होतं.

"काय रे आळशा, आता उजाडलं होय?" ती म्हणाली. त्याचं नाव आळशी पडलं ते तिथेच.

हा आळशी तिनं गाठी असलेल्या उंदरांना पाजला आणि डॉक्टरांचं औषध दिलं. ज्यांना आळशी मिळाला होता त्यांच्या गाठी आटल्या. ज्यांना नव्हता मिळाला त्यांच्या वाढत राहिल्या. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. मग काय विचारता! तिचं संशोधन छापून आलं. वर्तमानपत्राचा एक फोटोग्राफर आला. माझा फोटो त्यानं चुकीच्या बाजूनं काढला, पण काढला. वाट बदलणारी माणसं आता दारातून डोकावून "अभिनंदन!" म्हणू लागली. माणसांवर चाचणी करायची तयारी सुरू झाली. त्यासाठी मोठ्या समितीची परवानगी लागते, ती मिळायला वेळ लागणार होता.

आणि त्याच सुमारास तिचा दादा आजारी पडला.

दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. उंच, बोलघेवडा, आवाज असा की खोलीबाहेरूनच कळायचं कोण आलंय. घरी तिला मिठू म्हणायचा, कारण लहानपणी ती म्हणे पोपटासारखी बोलायची. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यानं मोज्यांत हात घातले, समोर काल्पनिक चाक धरून वळवलं आणि ओरडला, "गाडी डावीकडे घ्या, आजोबा, डावीकडे! तो खांब आहे, त्याला जीव नाही, तो बाजूला होणार नाही!" ती हसून हसून बेजार झाली होती.

त्या दादाला खोकला लागला. खोकल्याचं निमित्त झालं आणि फुप्फुसात गाठ निघाली. डॉक्टर तेच, औषधही तेच. घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता, कारण या औषधाचं माहेर जणू घरातच होतं.

डॉक्टरांनी दादालाही डबा द्यायला सांगितलं, बाकी पेशंटांसारखाच. दादानं तो रुग्णालयात दिला नाही. स्वतः घेऊन आला.

"मिठू, डबा आणलाय गं!" दारातूनच म्हणाला. "फक्त जेवायच्या वेळी उघडू नकोस."

"दादा, हळू बोल!"

"का? जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझी घाण जपून ठेवतंय. मला मिरवू तर दे."

तो डबा तिनं घेतला, आणि उघडला नाही. डीप फ्रीझरच्या अगदी तळाशी ठेवला. पुढचे डबेही तसेच. मला कोडं पडलं होतं. मग एकदा डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आळशी त्याच्यात नसणार, डॉक्टर. उघडून बघितलं आणि खरंच नसला, तर मग मला आळशी त्याला दिल्यावाचून राहवणार नाही. म्हणून बघतच नाही."

कारण दादावर औषध लागू पडत नव्हतं. गाठ वाढतच होती. डबे घेऊन तो येतच राहिला, पण आता जिना चढून आला की आधी दाराला धरून उभा राहायचा आणि विनोद नंतर करायचा.

एक दिवस वहिनी आली. दादाची बायको. तिचं केस कापायचं छोटं दुकान होतं. गप्पा मारायची सवय असलेली बाई, पण त्या दिवशी खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

"मिठू, तुझं पेपरात आलं होतं. तो जंतू दिला की औषध लागतं म्हणून."

"उंदरांना, वहिनी."

"मग उंदीर समज त्याला."

ती झाकणं पुसू लागली.

"अगं, इथेच आहे ना तो? या पेटीत?" वहिनीनं माझ्या भिंतीवर तळवा ठेवला. "हात घातला की मिळेल. मग अडलंय कुठे?"

"वहिनी, तो जिवंत जंतू आहे. दादाची ताकद किती उतरलीय बघ. तो रक्तात शिरला तर? मी त्याला उंदरांसाठी वाढवलाय, माणसाला द्यायच्या लायकीचा नाहीये तो अजून. परवानगी..."

"परवानगी!" वहिनी म्हणाली. "तुझ्या परवानगीला वेळ आहे गं. त्याला नाही."

ती गेल्यावर हिचे हात मोज्यांत नुसते पडून होते. हलले नाहीत.

पुढच्या रविवारी दुपारी ती एकटीच आली. इमारतीत चिटपाखरू नव्हतं. आळशीची वाढलेली प्लेट तिनं पुढे घेतली. एका पारदर्शक कुपीत द्रव घेतला, त्यात ठिपके एक-एक करून कालवले. झाकण लावलं.  

मग जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. तिनंच दादाला बोलावलं होतं. तो आला, स्टुलावर टेकला, श्वास जागेवर येईपर्यंत थांबला.

"हे काय आहे?"

"तेच."

दादानं कुपीकडे पाहिलं. "हे प्यायलो तर मी वाचेन?"

"माहीत नाही."

"मरेन?"

"तेही माहीत नाही, दादा."

"मग बोलावलंस कशाला?" त्याचा आवाज चढला. मी त्याला कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. "एवढी शिकलीस, तुझे फोटो येतात, आणि मी विचारलं की माहीत नाही? मग मी कुणाला विचारू?"

 तो बराच वेळ धापा टाकत राहिला.

"मला जगायचंय गं मिठू," मग तो अगदी हळू म्हणाला.

तिचे डोळे वाहायला लागले. आणि दोन्ही हात तर माझ्या आत, खांद्यापर्यंत अडकलेले. डोळे पुसता येईनात, नाक पुसता येईना. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. दादा उठला. शर्टाच्या बाहीनं तिचं तोंड पुसलं, नाक पुसलं, चष्मा वर ढकलला. लहान मुलीचं पुसावं तसं खसाखसा.

"पाजणार आहेस की नाहीस?" त्यानं विचारलं.

"तू पाज म्हणालास तर पाजेन."

 तो खिडकीपाशी गेला, परत आला.

"नको," तो म्हणाला. "उद्या काही वाईट झालं तर मी सुटेन. तू नाही सुटणार. ठेव ते जागेवर." आणि मग, "वहिनीला मात्र मी नको म्हणालो हे सांगू नकोस. ती मला घरात घ्यायची नाही."

तिनं कुपी माझ्या आतच ठेवली. मग ती दोघं खाली चहा प्यायला गेली.

दादा गेला ते मला कुणी सांगितलं नाही. सांगणार तरी कोण? ती खूप दिवस आली नाही, त्यावरून मी समजले. आली तेव्हाही माझ्याकडे फिरकली नाही. टेबलाशी बसून कागद वाचायची. डॉक्टर एकदा आले होते, त्यांना म्हणाली, "वहिनी बोलत नाही माझ्याशी. सगळ्यांसमोर म्हणाली, औषध पेटीत होतं आणि ही पेटीला कुलूप लावून बसली."

"पण दादांनीच नको म्हटलं होतं ना? सांगा की तिला."

"त्यानं सांगू नकोस म्हटलंय."

माझ्या भिंतींवर धूळ बसली. जिन्याखालचे दिवस आठवले, पण तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तेव्हा माझ्यावर कुणी रुसलेलं नव्हतं.

मध्ये बरेच महिने गेले. चाचणीची परवानगी जवळ येत होती आणि समितीनं एक प्रश्न विचारला होता. ज्यांना औषध लागू पडलं नाही, त्यांचे नमुने इतके थोडे का? प्रश्न रास्त होता. बरी झालेली माणसं आनंदानं डबे द्यायची. जी बरी होत नव्हती ती खचायची, यायची थांबायची, आणि त्यांच्याकडे डबा मागायला कुणाची जीभ रेटायची नाही. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत न चुकता डबे दिलेला असा एकच माणूस होता.

"ते डबे मी दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवतो," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही नका उघडू."

"नाही," ती म्हणाली. "मीच उघडणार."

तिनं माझी धूळ पुसली. मोज्यांत हात घातले. दादाचा पहिला डबा माझ्याकडे आला. तिनं प्लेटवर पेरणी केली, आणि या वेळी प्लेट टाकायची घाई न करता थांबली. रोज यायची, बघायची, जायची.

आणि एका सकाळी कडेला फिकट ठिपके दिसले. टाचणीच्या टोकाएवढे.

तिचा विश्वास बसेना. बेकरीवाल्या बाईंच्या जंतूंची सरमिसळ झाली असेल म्हणून तिनं मला आतून पूर्ण रिकामं केलं, धुतलं, सगळं नव्यानं मांडलं. दुसरा डबा घेतला. तिसरा घेतला. प्रत्येक वेळी तेच. आळशी दादाच्या पोटात होता. थोडाथोडका नाही, भरपूर. पहिल्यापासून होता.

ती स्टुलावर बसून राहिली. मला तिच्या मनातलं कसं कळणार? पण दोन गोष्टी मलाही समजत होत्या. ज्या गोष्टीवर तिनं इतकी वर्षं घालवली ती पुरी नव्हती. नुसता आळशी असून भागत नव्हतं. आणि जी कुपी तिनं दादाला पाजली नाही, तिच्यात त्याच्याकडे आधीच नव्हतं असं काहीच नव्हतं.

डॉक्टरांनी ऐकलं आणि ते पहिल्यांदाच खुर्चीवर मागे टेकून बसले. "एकाच माणसाचं आहे, मॅडम. अपवाद असेल. शिवाय तुमच्या नात्यातला. नात्यातला म्हणून त्याला अभ्यासातून वगळलं तर नियमानं कुणी बोट ठेवणार नाही. चाचणी तरी सुरू होईल."

"पेशंट आशेनं येतील, डॉक्टर. त्यांना मी काय सांगू? की एक माणूस होता, पण तो आम्ही मोजला नाही?"

"तुमची सगळी मेहनत पाण्यात जाईल."

"जाईल," ती म्हणाली. तिनं चष्मा वर ढकलला. "पण दादा सगळे जिने चढून डबे आणायचा. त्याला मी वगळणार नाही."

तिनं समितीपुढे सगळं सांगितलं. चाचणी थांबली. अभिनंदन करणारे पुन्हा वाट बदलून जाऊ लागले. बाई हुशार आहे, पण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं कुणीतरी आमच्या दारातच म्हणालं. तिनं ऐकलं आणि काम चालू ठेवलं. आता ती प्लेटवर आळशीला एकटं पेरायची नाही. शेजारी दुसरे जंतू पेरायची. कधी बेकरीवाल्या बाईंच्या पोटातले, कधी दादाच्या. त्यातून हळूहळू एक गोष्ट पुढे आली. बाईंच्या पोटात आळशीचा एक सोबती होता. तो शेजारी असला की आळशी कामाला लागायचा. दादाच्या पोटात तो सोबती नव्हता, भलत्यांचीच गर्दी होती आणि त्या गर्दीत आळशी नुसता बसून होता. जिवंत, पण बसून.

मग तिनं वहिनीला फोन लावला. लावायच्या आधी कितीतरी दिवस फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. डॉक्टरांना म्हणाली होती, "मी सबब सांगतेय असं वाटेल तिला." पण लावला.

वहिनी आली. दारात उभी राहिली, आत येईना.

"वहिनी, तो जंतू दादात होता," ती एका दमात म्हणाली. "आधीपासून. मी बघितलं नव्हतं. आधी बघायला हवं होतं, नाही बघितलं. मी दिला असता तरी... मला पक्कं सांगता येणार नाही. पण मला जेवढं समजतं त्यावरून, काही फरक पडला नसता."

 वहिनी खुर्ची ओढून बसली. पदरानं नव्हे, दोन्ही तळव्यांनी तिनं तोंड झाकलं आणि कितीतरी वेळ तशीच बसली.

"मी रोज रात्री त्या पेटीचं कुलूप तोडायचे गं," ती हातांआडून म्हणाली. "झोपेत."

"कुलूप नाहीये तिला, वहिनी."

वहिनीनं हात काढले. माझ्याकडे पाहिलं. "आता काय आहे हिच्यात?"

"दादाचे जंतू आहेत. त्याच्या डब्यातले. वाढवलेत मी."

"म्हणजे... जिवंत?"

"हो. बघायचेत?"

तिनं वहिनीला स्टुलावर बसवलं, मोज्यांत हात कसे घालायचे ते दाखवलं. कात्री चालवणारे हात ते, लगेच जमलं. तिच्या सांगण्याप्रमाणे वहिनीनं आतली प्लेट उचलली, दोन्ही तळव्यांवर घेतली. फिकट ठिपके, पांढरे ठिपके, एक पिवळसर डाग. किती वेळ ती नुसती बघत होती. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ हात पाहिले, पण प्लेट अशी धरलेली पाहिली नाही.

"हे सगळे त्याचे?"

"त्याचेच. खायला घातलं की वाढतात."

"त्याच्यासारखेच मेले," वहिनी म्हणाली, आणि हसायला गेली. त्यातच रडायला लागली. हिनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. प्लेट मात्र वहिनीनं खाली ठेवली नाही. रडणं थांबेपर्यंत तशीच धरून होती.

या गोष्टीलाही आता बरेच दिवस झाले. मी थकलेय. माझे सांधे झिजलेत, एक बुजवला की दुसरीकडे बुडबुडा येतो. नवी पेटी आलीय. माझ्यापेक्षा रुंद, चकचकीत, स्वतःचं स्वतः तापमान सांभाळणारी. पाहुणे तिकडे राहायला गेलेसुद्धा. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्यांची सोय नीट झाली म्हणजे झालं.

आळशी आणि त्याचा सोबती, दोघांना मिळून द्यायची नवी चाचणी मागच्या महिन्यात सुरू झाली. काल दुपारी डॉक्टरांचा फोन आला होता. पहिल्या पेशंटबद्दल. ती फोन कानाला लावून माझ्याशेजारीच उभी होती.

"गाठ?" तिनं विचारलं. मग ऐकलं. "तेवढीच आहे? वाढली नाही?" पुन्हा ऐकलं. तिच्या बोटांनी माझ्या भिंतीवर ठेका धरायला सुरुवात केली होती, ती तिनं आपणहून थांबवली. "नाही, डॉक्टर, एवढ्यात काहीच म्हणू नका. पेशंटलाही नका म्हणू. पुढच्या महिन्यात बघू."

तो पुढचा महिना मला दिसायचा नाही. उद्या दोन माणसं मला उचलायला येणार आहेत. तुम्ही बघा. आणि एवढं माझं ऐका. कधी कुणी तुमच्याकडे डबा मागायला आलं, तर लाजू नका, नाक मुरडू नका. औषध लागू पडलं असेल तर द्याच, पण लागू पडलं नसेल तर आधी द्या. न बऱ्या झालेल्या माणसाच्या पोटातही पुढच्याला सांगण्यासारखं काहीतरी असतं. ते ऐकायला तिच्यासारखं कुणीतरी हात घालून बसलेलं आहे.

येते मी.